न मोजलेलं गोदाम

मास्तरांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. विसरता आलं असतं तर टाळायची गरजही पडली नसती. त्यांच्याविषयी लिहू लागलो की शेवटी माझ्यापर्यंत यावं लागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलं विचारायची, "बाबा, हिशेबतपासणी तुम्हाला शिकवली कोणी?" मी म्हणायचो, "रिसोडला एक मास्तर होते," आणि पानाचा डबा पुढे ओढायचो.

गेल्या महिन्यात रिसोडच्या त्या सहकारी संस्थेची स्मरणिका टपालानं आली. गुळगुळीत कागद. पहिल्या अध्यक्षांचा फेटा बांधलेला पानभर फोटो, खाली 'सहकाराचा दीपस्तंभ' अशी अक्षरं. बाराव्या पानावर एक वाक्य आहे. 'सुरुवातीच्या काळात एका कारकुनाच्या अफरातफरीमुळे संस्थेला धक्का बसला, परंतु अध्यक्षांच्या करड्या देखरेखीमुळे ती सावरली.' मी ती स्मरणिका भिंतीवर भिरकावली. सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला काय सांगणार? म्हणालो, पाल होती.

तो कारकून म्हणजे आमचे मास्तर. त्यांनी संस्थेचा एक दाणा घेतला नाही. दीपस्तंभ मरून गेला, त्याचे हमाल मरून गेले. आता हे खात्रीनं सांगू शकेल असा मीच एक उरलो आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या, त्या लढाईच्या आधीची गोष्ट. मास्तर शाळेत कधीच शिकवत नव्हते. ते संस्थेचे कारकून आणि गोदामाचे रखवालदार. पण सकाळी सहा ते आठ, कचेरी उघडण्याआधी, ते संस्थेच्या ओट्यावर आम्हा चार पोरांना सहकार खात्याच्या हिशेबतपासनिसाच्या परीक्षेसाठी शिकवायचे. फुकट. मी रिठदचा, पहाटे निघून पायी यायचो. सखाराम वाशीमजवळच्या मालेगावचा, भाजीपाला करणाऱ्या माळ्याच्या घरचा. तो रिसोडला मामाकडे राहायचा. बाकीचे दोघे हिवाळा संपायच्या आत पळाले. मास्तरांपुढे टिकणं सोपं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रश्न घातला : संस्थेच्या गोदामातील मालाची तपासणी कशी कराल? मी झोकात लिहिलं, 'मालाची नोंदवहीवरून काळजीपूर्वक तपासणी करीन.' मास्तरांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"हा तं नवस झाला, बावा," ते म्हणाले. "देव पावला तं होईन तपासनी. तू काय करशीन, ते कोठी लिवलं?"

"तपासीन म्हणून लिहिलंय ना, मास्तर."

"तपासशीन म्हंजे? डोयानं का हातानं? दारात उभा राहून का आत जाऊन? कुलूप कोन उघडीन? पोतं कोन उचलीन? काट्यावर कोन घालीन? अन् हे सारं कायले?"

त्या 'कायले'वर, म्हणजे 'कशाला'वर, त्यांचा सगळा भर. ते म्हणायचे, परीक्षेच्या उत्तरातल्या दर वाक्याला कायले विचारा. त्याला जबाब देता आला नाही तर ते वाक्य खोडा. कोणता कागद हातात घेतला, तो कोणी लिहिला, तो कशाशी ताडला, जुळलं नाही तर कोणाला विचारलं. एवढं आलं तर उत्तर. 'पडताळून पाहिले', 'खात्री करून घेतली', 'योग्य ती चौकशी केली' असले शब्द दिसले की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असायची. मास्तर म्हणायचे, "आंदी मऱ्हाटीत मोजा, मंग इंग्रजीत लिवा."

गोदामात पोत्यांच्या थप्प्या असत. एकावर एक रचलेली पोती, छतापर्यंत. मास्तर आम्हाला थप्पीवर चढायला लावायचे. बाहेरून लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला की आकडा येतो, पण मधली पोती काढून घेतली तरी बाहेरून थप्पी जशीच्या तशी दिसते. "म्हून थप्पीच्या पोटात हात घाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहीतून दहा नोंदी उचला आणि त्या गोदामात शोधा, म्हणजे नसलेला माल कळतो. मग गोदामातली दहा पोती उचला आणि ती वहीत शोधा, म्हणजे लपवलेला माल कळतो. एका बाजूनं गेलात तर अर्धाच चोर सापडतो, असं ते म्हणायचे. सखारामनं एकदा विचारलं, "मंग उरलेला अर्धा?" मास्तर म्हणाले, "तो तुह्या संग चहा पिऊन राह्यला असते." आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन.

माणूस विक्षिप्त होता यात शंका नाही. बाजारात वांगी घेतली की स्वतःच्या छोट्या काट्यावर पुन्हा तोलायचे, आणि जास्त भरली तर एक वांगं परत द्यायचे. बाया वैतागायच्या. रस्त्यात कोणी "घरी सगळे बरे ना, मास्तर?" म्हटलं, तर थांबून उत्तर द्यायचे, "सकाळी सहाले पाह्यले तवा बरे होते. आताचं मले मालूम नाही." काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वरणात मीठ टाकलं असं म्हटलं तर चाखल्याशिवाय मानायचे नाहीत. काकू आम्हाला सांगायच्या, "लग्नात अंतरपाट दूर झाला तं यायनं मले न्याहाळून पाह्यलं. मी समजली, नवरी आवडली. हे म्हंते, नाही, मांगनीच्या टायमाले दाखवली तेच पोरगी हाये का, ते पाहून राह्यलो होतो."

तपासनिसाची परीक्षा ते स्वतः मात्र कधी पास झाले नाहीत. अकोल्याला एकदा बसले होते. सहा प्रश्न होते. तीन तासांत त्यांनी एकच लिहिला. गोदामाच्या प्रश्नावर अडून त्यांनी पहाऱ्यावरच्या साहेबालाच विचारलं, ह्या गोदामाला दारं किती? साहेब म्हणाला, मला काय माहीत. मास्तर म्हणाले, मंग मी न पाहता कसं लिवू? गावात हा किस्सा वर्षानुवर्षं चालला. चहाच्या दुकानात लोक त्यांना बघून ओरडायचे, "मास्तर, दारं किती?" ते शांतपणे म्हणायचे, "कोनत्या दुकानाची?"

मी परीक्षा पास झालो. सखाराम दोनदा नापास झाला आणि गावी भाजीपाल्यात परत गेला. त्याला सगळं येत होतं, लिहिता येत नव्हतं. मला लिहिता येत होतं. तोलणारा माणूस, काटा, सुतळीची गाठ, पोत्यावरची खूण, सगळं मी कागदावर असं उभं करायचो की वाचणाऱ्याला भुशाचा वास यावा. निकालाच्या दिवशी मास्तरांनी मला पेढा दिला, आणि तो त्यांनी स्वतः चाखून मगच दिला.

तीन वर्षांनी, ऐन वैशाखात, त्याच संस्थेच्या तपासणीला खात्यानं मला पाठवलं.

त्याआधी मास्तरांचं कार्ड आलं होतं. त्यात लिहिलं होतं की ते महिनाभर हिवतापानं पडून होते. गोदामाला दोन कुलपं, एक किल्ली त्यांच्याकडे, एक अध्यक्षांकडे. त्या महिन्यात दोन्ही किल्ल्या अध्यक्षांकडे होत्या. उठल्यावर त्यांनी मोजणी मागितली, तर अध्यक्ष म्हणाले, तपासनीस येतील तेव्हा होईलच. शेवटी दोन वाक्यं : 'गोदाम मोजल्याबिगर जाऊ नको. थप्पीच्या पोटात हात घालजो.'

ते कार्ड वाचून मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, मास्तर काही बदलले नाहीत.

मी मोटारीतून उतरलो तर अध्यक्ष स्वतः उभे. रिसोडच्या रस्त्यावर मला पहिल्यांदाच कोणी 'साहेब' म्हटलं. चार वर्षांपूर्वी याच रस्त्यानं मी तुटकी वहाण हातात घेऊन चालत होतो. आज त्यांचा गडी माझी पेटी उचलत होता. बैठकीत वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारलेलं, पुढ्यात आमरस. वह्या तिथेच आणून ठेवलेल्या. दुपारी मी म्हणालो, गोदामाकडे जायला हवं. अध्यक्षांनी हात जोडले.

"या उनात कायले जाता, सायब? गोदाम तं मास्तरच्या ताब्यात हाये. मास्तर तुमचे गुरू. गुरूवर इस्वास नाही काय तुमचा?"

किती सोपं होतं! त्यांनी मला लाच दिली असती तर मी कदाचित उठून गेलो असतो, इतका अभिमान माझ्यात होता. त्यांनी मला गुरुभक्ती दिली. ती मी घेतली, वर आणखी एक वाटी रस घेतला, आणि लोडाला टेकून झोपलो.

इकडे मास्तर सकाळपासून गोदामाच्या बंद दारापुढे उभे होते. दोन तोलणारे बोलावून ठेवलेले, काटा टांगलेला, वजनं पुसून रांगेत मांडलेली. धुतलेला कोट घातलेला. आपला पोरगा सरकारचा तपासनीस होऊन येतोय, हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. हे मला पुढे काकूंकडून कळलं.

पाचच्या सुमारास ते अध्यक्षांच्या ओसरीवर आले. मी टाक पुसत होतो.

"मोजनी?" ते म्हणाले.

"मास्तर, तुम्ही असल्यावर मोजणी कशाला? माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"माह्यावर इस्वास ठिवायले तुले सरकार पगार देते काय? ऊठ. आणखी दोन घंटे उजेड हाये."

अध्यक्ष आतून हसत आले. "मास्तर, सायब आता तुमचं पोट्टं नाही राह्यले. मोटार निंगून राह्यली त्यायची."

मोटार खरंच निघत होती. मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. "तू कार्ड वाचलं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वाचलं मास्तर, पुढच्या खेपेला नक्की." आणि त्यांच्या अंगाला अंग घासून, पायऱ्या उतरून मोटारीत बसलो.

अहवाल वाशीमच्या मुक्कामात लिहिला. गोदामाचा मजकूर आला तेव्हा 'मोजणी झाली नाही' हे तीन अक्षरशः फुकटचे शब्द मला लिहिता आले असते. साहेबांनी विचारलं असतं का झाली नाही, चार शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. मी लिहिलं : 'गोदामाची दोन्ही कुलुपे माझ्यासमक्ष उघडण्यात आली. थप्प्या चारही बाजूंनी व वरून मोजल्या. मधल्या रांगेतील निवडक बारा पोती खाली उतरवून, दोन तोलणाऱ्यांकरवी काट्यावर घालून, वजन नोंदवहीशी ताडले. एका पोत्याची शिवण उसवलेली आढळली; ती रखवालदाराच्या निदर्शनास आणली.' ती उसवलेली शिवण मी वरून घातली, खरेपणा यावा म्हणून. मास्तरांनी शिकवलेली एकूण एक गोष्ट त्यात होती. फक्त घडलेलं काही नव्हतं.

मी रिसोडहून निघालो त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी आपल्याकडची दुसरी किल्लीही मास्तरांच्या हातात ठेवली. तपासणी झाली, आता सगळं तुमच्या ताब्यात. थप्पी उतरवायला कमिटीची परवानगी लागायची. मास्तर पंधरा दिवस अर्ज करत राहिले. परवानगी आल्यावर त्यांनी हमाल लावले. बाहेरच्या रांगा निघाल्या आणि आत पोकळी. सरकी आणि बियाण्याची ज्वारी, सगळ्या थप्प्या पोटातून रिकाम्या. मास्तर तडक कचेरीत गेले आणि तूट आहे म्हणून स्वतः लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावरून चोर ठरले. तपासनिसानं मोजलं तेव्हा माल पुरा होता. त्यानंतर किल्ल्या यांच्याकडे. आणखी कोणाला काय विचारायचं?

चौकशीला अकोल्याहून साहेब आले. संस्थेच्या कचेरीत टेबल मांडलं. मला बोलावलं. मास्तर समोरच्या बाकावर बसले होते, त्याच धुतलेल्या कोटात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशी मोजणी झालीच नाही. ते खरं की खोटं, हे माझ्या एका शब्दावर होतं.

साहेबांनी विचारलं, "गोदाम तुम्ही स्वतः मोजलं?"

मी म्हणालो, "हो."

"कसं?"

आणि मी सांगू लागलो. अडखळलोही नाही. कुलुपं, थप्प्या, बारा पोती, काटा, शिवण. साहेब लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, इतका स्वच्छ तपशील देणारा तपासनीस मी फार दिवसांनी पाहिला. ज्याला खोटं बोलायचंय तो इतकं बारीक कशाला सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. ते दोन तोलणारे, तेही अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, व्हय, तोललं.

मास्तर उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

ते साहेबांना म्हणाले, "उत्तर बराबर हाये, सायब. याच्यात चूक काढायले जागा नाही. म्याच शिकवलं त्याले."

साहेबांनी त्यांची कबुली म्हणून ते वाक्य लिहून घेतलं. त्या कागदावर ते आजही असेल.

नोकरी गेली. घर विकून भरपाई घेतली. 'दारं किती' म्हणणारे आता 'पोती किती' म्हणू लागले, आणि यात जे पुढे होते त्यांतल्या निम्म्यांची मुलं मास्तरांकडे फुकट शिकून गेलेली. मला त्या गावाचा आजही राग आहे. त्या माणसानं एक जास्तीचं वांगं कधी घरी नेलं नाही, हे बाजारातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. पण त्यांच्यावर रागावायचा मला काय हक्क? त्यांच्याकडे कोणी पुरावा मागितला नव्हता. माझ्याकडे मागितला होता.

मला बढती मिळाली. आणि माझा तो गोदामाचा मजकूर, त्याच्या नकला काढून, नव्या उमेदवारांना नमुना म्हणून कितीतरी वर्षं वाटला गेला. तपासणीचं वर्णन कसं लिहावं याचा नमुना! मी तो एकदाही थांबवला नाही. एका वर्गात तर मी स्वतः तो वाचून दाखवला.

सखाराम एकदा वाशीमला माझ्या कचेरीच्या दारात आला. हातात कोथिंबिरीचं गाठोडं, बाजारात निघाला होता. आत आला नाही. "एकच इचारतो," तो म्हणाला. "तू मोजलं होतं काय?"

मी म्हणालो, "सखाराम, खात्याच्या गोष्टी आहेत, तुला कळायच्या नाहीत."

"कयलं," तो म्हणाला आणि गेला. मास्तरांना आणि काकूंना त्यानंच आपल्या मळ्यात नेलं, हे मला मागाहून समजलं.

लढाई चालू असताना मालेगावला कामाला गेलो, तेव्हा तिथून पायी त्या मळ्यात गेलो. ठरवून गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. कधी पायांवर डोकं ठेवायचं, मग काय बोलायचं. साहेबांना खरं लिहून देतो, असं म्हणायचं. नोकरी गेली तर गेली.

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता पाणी दिलं. तेव्हाच त्यांनी सांगितलं, त्या वैशाखातल्या दिवसाचं. तो कोट, ती पुसलेली वजनं. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. "दुपारी भाकर न्हेली म्या तं म्हंते, आता नोको, तो येईन अन् मी जेवत दिसीन."

मास्तर वाफ्यातून आले. पाय चिखलानं भरलेले, अंग वाळलेलं. सखारामच्या भाजीचा हिशेब ते ठेवत होते आणि पाणीही देत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, गुळाचा चहा करायला सांगितला. मी मिरचीचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. मी विहिरीच्या पाण्याचं विचारलं. त्यांनी सांगितलं. चहा संपला. त्यांनी एकदाही विषय काढला नाही, आणि मी त्यांच्यावरच मनात चिडलो की हे काढत का नाहीत. असा मी माणूस.

रस्त्यापर्यंत ते माझ्यासोबत आले. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी तेव्हा कोळशाच्या धुरावर चालायच्या, चढावर अडायच्या. मोटार यायला वेळ लागला. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो, निदान अर्धा तास. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी जुळवलेलं सगळं बोलून पुन्हा दोनदा बोलता आलं असतं.

शेवटी मोटारीची घरघर ऐकू आली. मास्तर माझ्याकडे वळले. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"कायच्यासाठी आला होता, बावा?"

मोटार थांबली. ड्रायव्हरनं हाक मारली. मी पायरीवर एक पाय ठेवला.

"सहज," मी म्हणालो. "सहजच आलो होतो, मास्तर."